बर्ड फ्लूवर औषध चालतं की नाही, हे प्रयोगशाळेत कसं ठरवतात?

निळीशाई:

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आलं: ‘बर्ड फ्लूवर आता टॅमिफ्लू चालत नाही’. मुळाशी गेले तर बातमी कॅनडातली निघाली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या आठ कोंबडीफार्मांवरच्या बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूंत एच२७५वाय नावाचा बदल सापडला होता. बातमी खरी, निष्कर्ष मात्र भलताच ताणलेला. काही वर्षं मी हेच काम केलंय (आता एक्सेलच्या रकान्यांशी झुंजते), म्हणून म्हटलं, ‘औषध चालत नाही’ असं लिहिण्याआधी प्रयोगशाळेत काय काय करावं लागतं ते एकदा सांगून टाकावं.

फ्लूच्या विषाणूच्या अंगावर न्यूरामिनिडेज नावाचं एन्झाइम असतं. एच५एन१ मधला ‘एन’ तो हाच. नवे विषाणू पेशीतून बाहेर पडतात तेव्हा पेशीच्या पृष्ठभागावरच्या सायलिक आम्लाला चिकटून बसतात. हे एन्झाइम कात्रीसारखं तो धागा कापतं आणि विषाणू मोकळा होतो. ओसेल्टामिविर (म्हणजे टॅमिफ्लू), झानामिविर, पेरामिविर ही औषधं त्या कात्रीच्या पात्यांत अडकून बसतात. कात्री चालेना की विषाणू आपल्याच पेशीला डकलेला राहतो.

मग चाचणी काय, तर औषधाच्या सान्निध्यात कात्री चालते की नाही हे बघायचं. त्यासाठी म्यूनाना नावाचं एक कृत्रिम आमिष वापरतात: सायलिक आम्लाला जोडलेला एक रेणू. जोडलेला असताना तो जवळपास विझलेला असतो. एन्झाइमने कापला की सुटा होतो आणि अतिनील किरणांखाली निळा उजळतो. जितका उजेड, तितकी कात्री चालू.

९६ खळग्यांची प्लेट घ्यायची. प्रत्येक खळग्यात विषाणू तेवढाच, औषध मात्र पायरीपायरीने वाढत जाणारं, एका टोकाला नॅनोमोलरचाही (नॅनोमोलर हे तीव्रतेचं अगदी बारीक एकक) शतांश आणि दुसऱ्या टोकाला हजार नॅनोमोलर. औषध आणि विषाणूला ३७ अंशांवर अर्धा तास एकत्र राहू द्यायचं, मग आमिष टाकायचं, तासाभराने विक्रिया थांबवायची आणि प्लेट यंत्रात सरकवायची. ज्या तीव्रतेला उजेड निम्म्यावर येतो तो आकडा म्हणजे आयसी-५०. औषधाला दबणाऱ्या एन१ विषाणूचा ओसेल्टामिविरसाठीचा आकडा साधारण एक नॅनोमोलरच्या आगेमागे असतो. एच२७५वाय असेल तर तोच काहीशेवर जातो. प्लेट यंत्रात जाण्याआधी अंधाऱ्या खोलीत अतिनील हातदिव्याखाली धरली तर फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो: एक ओळ तिसऱ्याचौथ्या खळग्यापाशी विझलेली, तिच्या खालची पार टोकापर्यंत निळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच उभी होते.

विचारा काय विचारायचं ते.

---

पाणकावळा:

मस्त लिहिलंयस. माझा प्रश्न पक्षीनिरीक्षकाचा आहे. कोंबड्यांना कुणी टॅमिफ्लू देत नाही. मग औषध कधी न पाहिलेल्या विषाणूत औषधाविरुद्धचा बदल आला कुठून?

---

निळीशाई:

@पाणकावळा, फ्लूचा विषाणू स्वतःच्या जनुकांची नक्कल करताना चुका करतो आणि त्या तपासणारं कुणी त्याच्याकडे नसतं. त्यामुळे असे बदल आपोआप होत राहतात. बहुतेक विषाणूला महागात पडतात आणि नाहीसे होतात. एखादा टिकतो.

दुसरी वाट पाण्यातून जाते. माणसाने घेतलेलं ओसेल्टामिविर शरीरात सक्रिय रूपात बदलतं आणि बरंचसं लघवीवाटे तसंच बाहेर पडतं. सांडपाणी शुद्धीकरणात ते नीट निघून जात नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मॅलार्ड बदकांना एच१एन१ ची लागण केली आणि त्यांच्या पाण्यात नद्यांमध्ये सापडू शकेल इतपत औषध मिसळलं. त्या बदकांच्या विषाणूत हाच बदल उगवला. कॅनडात तसंच झालं असं मी म्हणत नाहीये. पण ‘औषध दिलंच नाही, मग बदल होईलच कसा’ हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो.

---

पुस्तककिडा:

एक शंका. काही लेखांत एच२७४वाय लिहिलंय, तू २७५ लिहितेस. मुद्रणदोष कुणाचा?

---

निळीशाई:

कुणाचाच नाही 🙂 बदल एकच, मोजणी वेगळी. एकाने एन२ प्रथिनाच्या क्रमांकांनुसार मोजलं, दुसऱ्याने एन१ च्या. एन१ च्या मोजणीत ते अमिनो आम्ल २७५ वं येतं. हिस्टिडिनच्या जागी टायरोसिन, म्हणून एच आणि वाय. जुने आणि नवे लेख शेजारी ठेवून वाचणारा प्रत्येक विद्यार्थी इथे एकदा तरी आपटतो.

आता विषय निघालाच आहे तर गंमत सांगते. ओसेल्टामिविरला एन्झाइमच्या खोबणीत बसायला जागा करून द्यावी लागते: (एन२ च्या मोजणीतलं) २७६ वं अमिनो आम्ल वळून बाजूला सरकतं तेव्हा औषधाची तेलकट शेपटी आत मावते. टायरोसिन अंगाने मोठं. ते शेजारच्याला वळूच देत नाही. झानामिविरला अशी जागा लागतच नाही, कारण त्याची ठेवण खऱ्या सायलिक आम्लाच्या जवळची आहे. म्हणून एच२७५वाय असलेल्या विषाणूवरही प्रयोगशाळेत झानामिविर नीट चालतं. ‘औषध चालत नाही’ या वाक्यात कोणतं औषध हा शब्दच नसतो, माझी चिडचिड होते ती तिथे.

---

तर्कट:

सगळं ठीक, पण हा खटाटोप कशाला? विषाणूचा जनुकीय क्रम काढा, २७५ व्या जागी काय आहे ते बघा, विषय संपला. निळा उजेड वगैरे छान दिसत असेल, पण ही पद्धत कालबाह्य वाटते.

---

निळीशाई:

@तर्कट, आधी तुझ्याच बाजूने बोलते. २०१३ मध्ये चीनमध्ये एच७एन९ हा दुसरा बर्ड फ्लू आला. शांघायच्या सुरुवातीच्या एका रुग्णाच्या विषाणूवर ही एन्झाइम चाचणी केली तर उत्तर आलं: औषधाला दबतो. प्रत्यक्षात त्या नमुन्यात दोन प्रकारच्या विषाणूंची भेसळ होती. एक साधा आणि एक आर२९२के बदल झालेला, ज्यावर ओसेल्टामिविर जवळपास चालत नाही. पण बदललेल्याचं एन्झाइमच मंद. उजेड पाडत होता तो मुख्यतः साधा विषाणू, आणि औषध टाकल्यावर विझत होता तोही तोच. दुसरा अंधारात लपून राहिला. भेसळ उघड झाली ती जनुकीय क्रमामुळे. तेव्हा हो, नुसत्या उजेडावर विसंबून चालत नाही.

आता उलट बाजू. जनुकीय क्रम वाचून निकाल सांगायचा तर त्या बदलाचा अर्थ आधी कुणीतरी मोजलेला हवा. २७५ चा अर्थ आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी प्लेटा भरल्या. अमेरिकेत २०२४ साली माणसांत सापडलेल्या काही एच५एन१ विषाणूंत एस२४७एन हा बदल दिसला. कागदावर नुसतं अक्षर बदललेलं. त्याने ओसेल्टामिविरचा परिणाम जरासा कमी होतो हे मोजल्यावर कळतं. आणि पक्ष्यांत एन१ ते एन९ असे नऊ प्रकार फिरतात. एच२७५वाय एन१ ला वाचवतो, पण तोच बदल एन२ किंवा एन९ मध्ये तसाच वागेल असं नाही. तिथे २९२ आणि ११९ या जागा जास्त त्रास देतात. एका प्रकारचा शब्दकोश दुसऱ्याला लावता येत नाही.

अमँटाडिन या फ्लूवरच्या जुन्या औषधापुरतं मात्र तुझं शंभर टक्के मान्य. तिथे एम जनुकातल्या चारपाच जागा बघितल्या की निकाल सांगता येतो, रोजच्या कामात प्लेट कुणी भरत बसत नाही.

---

तर्कट:

बरं. कालबाह्य शब्द मागे. पण शांघायच्या गोष्टीने माझा मुद्दा निम्मा तरी जिंकला हे नोंदवून ठेवतो.

---

पशुवैद्य_नाना:

अमँटाडिनचं नाव निघालं म्हणून लिहितो. २००५ च्या सुमारास चीनमध्ये कोंबड्यांना हे औषध दिलं जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या, नंतर तिथल्या सरकारने तो प्रकार थांबवायचं जाहीर केलं. त्या काळात व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये माणसांना झालेले एच५एन१ विषाणू या गटातल्या औषधांना आधीच दाद देत नव्हते. माणसांसाठीचं स्वस्त औषध असं हातचं गेलं. आमच्या धंद्यात साथ आली की पक्षी मारून पुरतात, औषधोपचार करत नाहीत. लोकांना ते क्रूर वाटतं, पण अर्धवट औषध पाजलेला कळप त्याहून वाईट.

एक जोड. निळीताई प्लेटेपासून सुरू करतात, गोष्ट त्याआधी सुरू होते. पक्ष्याच्या घशातून आणि अवस्करातून (विष्ठेच्या द्वारातून) घेतलेला स्वॅब वाहतूक-द्रावणात, बर्फात, वेळेवर पोचला तर पुढचं सगळं. उन्हात अर्धा दिवस राहिलेल्या नमुन्यातून आरटी-पीसीआर कदाचित पॉझिटिव्ह येईल, पण जिवंत विषाणू वाढणार नाही. आणि जिवंत विषाणू वाढला नाही तर ताईंची प्लेट कोरीच.

---

निळीशाई:

नाना, अगदी खरं. स्वॅबमधला विषाणू चाचणीला पुरत नाही, तो आधी वाढवावा लागतो, कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यांत किंवा एमडीसीके पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी). आणि त्यात आणखी एक फसगत आहे. पेशींत वाढताना विषाणू पेशींना साजेसे बदल करून घेतो. माणसांतल्या हंगामी एच३एन२ मध्ये १५१ व्या जागी असले बदल सर्रास दिसतात. रुग्णाच्या मूळ नमुन्यात ते नसतात, बाटलीत तयार होतात आणि आयसी-५० बिघडवतात. म्हणून विचित्र आकडा आला की मूळ स्वॅबचा क्रम पुन्हा काढायचा, हा नियमच.

---

गणितवेडी:

आयसी-५० ‘काहीशेवर जातो’ म्हणजे पुढे काय? किती पट झालं की धोक्याचं? आणि ती रेघ कुणी आखली?

---

निळीशाई:

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आखली. ‘ए’ प्रकारच्या फ्लूसाठी तुलनेच्या विषाणूपेक्षा आकडा १० पटींच्या आत असेल तर ‘नेहमीइतका प्रतिबंध’, १० ते १०० पट असेल तर ‘घटलेला प्रतिबंध’, १०० च्या वर गेला तर ‘अतिशय घटलेला’. ‘बी’ प्रकारासाठी रेघा ५ आणि ५० वर आहेत. बघ, यात ‘प्रतिरोधक’ हा शब्द कुठेच नाही. तो मुद्दाम टाळलाय. प्लेट एवढंच सांगते की खळग्यातलं एन्झाइम किती दबलं. माणसाच्या फुफ्फुसात काय होईल ते ती सांगत नाही.

हा फरक किती खरा आहे बघ. नेहमीच्या डोसला रक्तात ओसेल्टामिविरच्या सक्रिय रूपाची कमाल पातळी हजार नॅनोमोलरच्या थोडी वर जाते. एच२७५वाय चा आयसी-५० काहीशे. म्हणजे कागदावर वाटेल की औषध अजून पुरून उरतं! पण आयसी-५० ला एन्झाइम निम्मंच दबलेलं असतं, उरलेलं निम्मं कापतच असतं. डोसांच्या मधल्या वेळात पातळी खाली येते. शिवाय रक्तातली पातळी म्हणजे श्वासनलिकेतली नव्हे. अर्थ लावायला मग रुग्णांकडेच जावं लागतं. व्हिएतनाममध्ये २००५ साली एच५एन१ च्या आठ रुग्णांचा अहवाल आला होता. ओसेल्टामिविर सुरू असताना दोघांच्या विषाणूत हाच बदल झाला, आणि दोघेही दगावले. पण दोनच रुग्ण. फॉरवर्डला एवढंही पुरेल, अहवाल लिहिणाऱ्याला पुरत नाही.

पटीच्या हिशेबातली खरी डोकेदुखी वेगळीच: कशाच्या पट? हंगामी फ्लूचे शेकडो विषाणू दर वर्षी तपासले जातात, त्यांचा मध्यक हाताशी असतो. बर्ड फ्लूचे एवढे विषाणू हाती येत नाहीत. मग जवळच्या नात्यातला, बदल नसलेला विषाणू शोधून त्याच्याशी तुलना करायची. तो चुकीचा निवडला की पट हवी तशी फुगते.

---

गणितवेडी:

म्हणजे भाजक बदलला की बातमी बदलते. छान. प्लेटेवर चूक झाली तर कळतं कसं?

---

निळीशाई:

प्रत्येक प्लेटेवर दोन ओळखीचे विषाणू ठेवतात. एक दबणारा, एक एच२७५वाय असलेला. त्यांचे आकडे ठरलेल्या पट्ट्यात आले नाहीत तर अख्खी प्लेट बाद, मग बाकीचे आकडे कितीही देखणे असोत.

माझी स्वतःची फजिती सांगते. नवीन असताना एकदा सगळ्याच विषाणूंचे आकडे आभाळाला भिडले. क्षणभर वाटलं, काहीतरी मोठं सापडलं! मग दबणाऱ्या ओळखीच्या विषाणूकडे लक्ष गेलं. तोही आभाळात. झालं असं होतं की गोळीतलं ओसेल्टामिविर हे सुप्त रूप असतं, यकृतात त्याचं सक्रिय कार्बोक्झिलेट बनतं. प्लेटेत यकृत नसतं. फ्रीजरमधली चुकीची बाटली उचलून मी सुप्त रूप टाकलं होतं. साहेबांनी काही न बोलता बाटलीवर लाल पट्टी चिकटवली. पुढे ती पट्टी माझ्याच नावाने ओळखली जायची.

---

पाणकावळा:

😂 लाल पट्टी! बरं, हे सगळं धोकादायक नाही का? एच५एन१ हाताळायचा म्हणजे...

---

निळीशाई:

विषाणू वाढवण्याचं काम बीएसएल-३ म्हणजे कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच. आत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी, म्हणजे हवा आत शिरते, बाहेर येत नाही. बाहेर जाणारी हवा हेपा गाळणीतून, तोंडावर हवा गाळणारा मास्क, प्रत्येक गोष्ट जोडीने. पण न्यूरामिनिडेज चाचणीत एक सोय आहे: एन्झाइमला काम करायला विषाणू जिवंत लागत नाही. योग्य डिटर्जंटने विषाणू निष्क्रिय केला आणि तो खरंच मेलाय याची खात्री केली की पुढचं काम साध्या प्रयोगशाळेत करता येतं.

बॅलोक्झाविर या फ्लूवरच्या आणखी एका औषधाला ही सोय नाही. ते औषध न्यूरामिनिडेजला शिवतही नाही. विषाणू आपल्या पेशीच्या आरएनएची टोपी (त्याच्या सुरुवातीचा तुकडा) चोरून स्वतःचं काम सुरू करतो, ती चोरणारी सुरी म्हणजे पीए प्रथिन, आणि हे औषध तिथे बसतं. तेव्हा विषाणू पेशीत वाढतोय की नाही हेच बघावं लागतं, म्हणजे जिवंत विषाणू, म्हणजे अख्खी चाचणी बीएसएल-३ मध्ये. आणि इथे धोक्याची रेघ १० पटींवर नाही, ३ पटींवर आहे. पीए मधली ३८ वी जागा लक्ष ठेवण्याची. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णाच्या एच५एन१ मध्ये तिथे आय३८एम सापडला.

---

पशुवैद्य_नाना:

आमच्या वेळी शिकवायचे की औषधाला न जुमानणारा विषाणू अशक्त असतो, फार फैलावत नाही. हे अजून खरं मानतात का?

---

निळीशाई:

नाना, तो समज २००८ ने मोडला. त्या जानेवारीत नॉर्वेतून कळलं की हंगामी एच१एन१ मधल्या बहुसंख्य विषाणूंत एच२७५वाय आहे, आणि नॉर्वेत टॅमिफ्लू फारशी वापरलीच जात नव्हती. वर्षभरात तो जवळपास जगभर पसरला. विषाणूत आधीच झालेल्या दुसऱ्या काही बदलांनी या बदलाचा तोटा भरून काढला होता, हे मागाहून समजलं. मग २००९ चा महासाथीचा एच१एन१ आला, त्याने जुन्याला हुसकावलं आणि ओसेल्टामिविर पुन्हा कामी आलं. आपल्या कर्तृत्वाने नाही, नशिबाने.

---

उंबरठा:

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. मग सामान्य माणसाने घरात टॅमिफ्लू आणून ठेवायची का नाही?

---

निळीशाई:

@उंबरठा, नको. औषध कधी, कोणतं, किती हे डॉक्टरांनी ठरवायचं. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांच्या संपर्कात आल्यानंतर ताप, खोकला, डोळे लाल असं काही झालं तर मात्र वाट न बघता दाखवा आणि पक्ष्यांचा उल्लेख आवर्जून करा. ही औषधं पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी पडतात. चाचणीचा निकाल तोवर येत नाही, तो त्या रुग्णासाठी नसतोच मुळी. तो पुढच्या रुग्णांसाठी आणि औषधांचे साठे काय ठेवायचे हे ठरवणाऱ्यांसाठी असतो.

ब्रिटिश कोलंबियातच त्याच हिवाळ्याच्या तोंडाला एका किशोरवयीन मुलीला गंभीर एच५एन१ झाला. डॉक्टरांनी ओसेल्टामिविर, अमँटाडिन आणि बॅलोक्झाविर तिन्ही औषधं दिली. ती वाचली. तिघांपैकी कुणी वाचवलं हे एका रुग्णावरून सांगता येत नाही.

---

तर्कट:

शेवटचा प्रश्न. त्या आठ फार्मांच्या विषाणूंचं एका वाक्यात काय सांगायचं? मला काकांना उत्तर द्यायचंय, आमच्याकडेही तेच फॉरवर्ड फिरतंय.

---

निळीशाई:

सांग, की त्या विषाणूंतल्या बदलाने ओसेल्टामिविरचा परिणाम बराच घटतो, पण झानामिविर आणि बॅलोक्झाविर हा बदल असतानाही चालतात.

आमच्या काकांना मी हेच लिहिलं होतं. त्यांनी अंगठा पाठवला आणि खाली विचारलं, ‘म्हणजे अंडी खायची ना?’